समोरची बिल्डिंग रंगवायची असेल तर

आधी शब्दाचा घोटाळा मिटवू. मी खालच्या काकूंना म्हटलं की सध्या रविवारी मी समोरची बिल्डिंग रंगवतेय, तर त्या म्हणाल्या, अगं बाई, कितीला दिलं काम? त्यांना वाटलं सोसायटीचं कलरकाम निघालं. तर तसं नाही, मी कागदावर रंगवते, वॉटरकलरमध्ये, आणि आठवडाभर जीएसटीचे रिटर्न भरते, म्हणजे आर्टिस्ट वगैरे म्हणवून घ्यायची सोय नाही. पण गेली सहा-सात वर्षं आमच्या बडोद्यातल्या वाघोडिया रोडच्या बाजूच्या अगदी साध्या, तळाला पार्किंग आणि वर चार मजले टाइप बिल्डिंगा काढतेय, त्यात ज्या चुका झाल्या आणि जे जमलं ते लिहिते. कोणाला तरी उपयोग होईल.

बडोद्यात चित्र काढतो म्हटलं की लोक लगेच जागा सुचवतात. लक्ष्मी विलास पॅलेस काढ, सूरसागर काढ, मांडवी काढ, कमाटीबाग काढ. सासूबाई दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढलेल्या, लाकडी खांब आणि नक्षी नसेल तर त्यांच्या लेखी ते घरच नाही, मग चित्र कुठलं. पॅलेस सुंदरच आहे, १८९० पासून उभा आहे आणि तेव्हापासून लोक काढतायत, त्यात माझ्या एका चित्राची भर कशाला. आणि खरं सांगायचं तर पॅलेस मी वर्षातून दोनदा बघते, समोरच्या बिल्डिंगची पाठ मी रोज दात घासताना बघते.

आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्या बडोद्यातच चित्रकार भूपेन खक्कर होते, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट (हे मला फार आवडतं, कारण उघड आहे), १९६२ मध्ये मुंबईहून इथे आले आणि रोजची साधी माणसं, दुकानं, घरं काढत राहिले. त्यांचं १९८१ चं 'यू कान्ट प्लीज ऑल' आता लंडनच्या टेट म्युझियममध्ये आहे, त्यात एक माणूस बाल्कनीत उभा राहून खालचं गाव बघतोय. ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन रेडिओलॉजिस्ट, त्यांनी उपनगरातल्या बिल्डिंगा आणि रेल्वे लाइनीकडची वस्ती काढली. इंग्लंडचा चित्रकार एल. एस. लॉरी दिवसा घरोघरी भाडं वसूल करायचा आणि संध्याकाळी गिरणगावातल्या त्याच गल्ल्या रंगवायचा. म्हणजे नोकरी करून बिल्डिंग काढणाऱ्यांची परंपरा आहे, लाजायचं कारण नाही.

कुठली बिल्डिंग घ्यायची

नवीन नको. काच आणि पॅनल लावलेले ते गोत्री-भायलीकडचे टॉवर सुरुवातीला अजिबात घेऊ नका, त्यात हाताला काही लागत नाही. वीस-तीस वर्षं झालेली, एकदा तरी पावसात गळलेली, अर्ध्या गॅलऱ्या लोकांनी आपापल्या डोक्याने बंद केलेली अशी बघा. बिल्डरने सगळ्या गॅलऱ्या सारख्याच दिल्या होत्या. मग पहिल्या मजल्यावरच्यांनी अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग लावल्या, दुसऱ्यावरच्यांनी लोखंडी ग्रिल बाहेर काढून त्यात कुंड्या ठेवल्या, तिसऱ्यावरचे कॅनडाला गेले त्यामुळे तिथे कबुतरं राहतात, चौथ्यावरच्यांनी उन्हाला वैतागून निळी ताडपत्री बांधली. चित्राचा विषय म्हणजे हेच. सारखं काय होतं आणि कुठे बिघडलं.

माझं पहिलं चित्र आठवलं की अजून हसू येतं. चार मजले, प्रत्येक मजल्यावर आठ खिडक्या, बत्तीसच्या बत्तीस खिडक्या पट्टी लावून काढल्या, प्रत्येकीला चौकट, प्रत्येकीला दोन झडपा, दोन रविवार गेले. नवऱ्याने बघितलं आणि म्हणाला, ऑफिसचं काम घरी आणलंस का, हे एक्सेल शीट दिसतंय. बरोबर होतं त्याचं. मी फक्त सारखेपणा काढला होता.

आता मी काय करते, तर कागद उघडायच्या आधी पाच मिनिटं नुसती बघते आणि मनात दोन याद्या करते. नियम काय आहे (दोन खिडक्या, एक गॅलरी, मध्ये पाइप, पुन्हा दोन खिडक्या) आणि नियम कुठे मोडलाय. मोडलेल्या जागांपैकी तीन निवडायच्या, फार तर चार. त्या नीट काढायच्या, बाकीच्या खिडक्या म्हणजे ब्रशचा एकेक फटकारा. बघणाऱ्याचा डोळा हुशार असतो, एक खिडकी नीट दाखवली की बाकीच्या तो स्वतःच भरून घेतो.

बसायचं कुठे, आणि आडवी रेघ

सगळ्यात सोपं म्हणजे आपल्याच गॅलरीतून समोरची काढायची. पर्स्पेक्टिव्हची भीती असते सगळ्यांना, मला पण होती, पण एक गोष्ट कळली की अर्धी भीती जाते. तुमच्या डोळ्याच्या उंचीला एक आडवी रेघ कल्पना करा, तीच क्षितिजाची रेघ. मी तिसऱ्या मजल्यावर उभी असले तर समोरच्या बिल्डिंगमध्ये ती रेघ तिसऱ्याच मजल्यावरून जाते, साधारण समोरच्या गॅलरीत उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांतून. त्या रेघेच्या वरचे सगळे छज्जे लांब जाताना खाली उतरतात, खालचे सगळे वर चढतात, आणि रेघेवरचा सरळ राहतो. बस. कागदावर ही रेघ पहिली मारा, फिक्की, आणि मग बाकी सगळं. रस्त्यावर उभं राहून काढत असाल तर रेघ पार्किंगमध्येच येते, त्यामुळे बिल्डिंगचे सगळे मजले खाली झुकत जातात आणि बिल्डिंग उंच, जरा दमदाटी करणारी दिसते. अगाशीवरून, म्हणजे गच्चीवरून, काढाल तर सगळं खाली पसरतं, टाक्या आणि डिश अँटेना हेच मुख्य पात्र होतात. तिन्ही वेगळी चित्रं आहेत, बिल्डिंग एकच.

फोटोवरून काढायचं असेल तर फोनचा साधा कॅमेरा बराच वाइड असतो, वर करून फोटो काढला की भिंती आत झुकतात, बिल्डिंग गोपुरासारखी दिसते. मागे जाऊन टू एक्स वर काढा आणि फोन सरळ धरा. तरी मी म्हणेन की पहिली दहा चित्रं समोर बसूनच काढा.

मापाचं म्हणाल तर एक मजला हे युनिट धरायचं. आपल्याकडे मजला साधारण १० फुटांचा असतो, खिडकीची वरची कड, म्हणजे लिंटल, ७ फुटांवर, आणि खालची कड ३ फुटांच्या आसपास. म्हणजे मजल्याचे दहा भाग केले तर खालचे तीन भिंत, मधले चार खिडकी, वरचे तीन पुन्हा भिंत. हे एकदा डोक्यात बसलं की खिडक्या दाराएवढ्या मोठ्या होत नाहीत, जी नवशिक्याची हमखास चूक. अगाशीचा कठडा साधारण तीन-साडेतीन फूट, म्हणजे मजल्याचा तिसरा हिस्सा. पेन्सिल हात ताठ करून धरायची, एक मजला अंगठ्याने मोजायचा आणि बघायचं की रुंदीत असे किती मजले बसतात. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये रुंदीत सहा बसतात आणि मी पहिल्यांदा चार बसवले होते, म्हणून ती बिल्डिंग बिस्किटाच्या उभ्या पुड्यासारखी उंच झाली होती.

तिरप्या दिसणाऱ्या भिंतीवर सारख्या अंतराच्या खिडक्या कशा लावायच्या, तर अंदाजाने लावू नका, शाळेतली कर्णाची युक्ती आहे. पहिल्या गाळ्याचा, म्हणजे एका खिडकीच्या वाट्याच्या भिंतीचा, चौकोन काढा. त्याच्या उजव्या उभ्या रेघेचा मध्य शोधा. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून त्या मध्यातून एक तिरकी रेघ काढा आणि खालच्या रेघेला भिडेपर्यंत न्या, जिथे भिडेल तिथे पुढच्या गाळ्याची उभी रेघ. मग तेच पुन्हा. प्रत्येक गाळा आपोआप थोडा थोडा अरुंद होत जातो, अगदी जसा दिसतो तसा. दोन-तीन गाळे असे काढले की पुढे हात बसतो, मग कर्ण पुसून टाका.

ऊन

हा भाग मी जरा सविस्तर सांगणार कारण साधी बिल्डिंग ही उन्हाशिवाय खरंच काही नाही. ढगाळ दिवशी ती नुसती क्रीम रंगाची भिंत असते. ऊन आलं की प्रत्येक छज्जा, प्रत्येक एसीचा डबा, प्रत्येक पाइप भिंतीवर एकेक सावली टाकतो आणि फुकटात चित्र तयार होतं.

पण कुठल्या महिन्यात? बडोदा कर्कवृत्ताच्या थोडं खाली, २२.३ अंशांवर आहे. त्यामुळे जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो (जुलैमध्ये ढगांमुळे दिसत नाही ते वेगळं). अशा वेळी ऊन भिंतीला नुसतं घासत खाली जातं, छज्ज्याची सावली लांबच्या लांब उतरते आणि भिंत चपटी होते. काढू नका, तसंही मे-जूनमध्ये दुपारी बाहेर बसलात तर घरचे डॉक्टरकडे नेतील.

डिसेंबरात मात्र मजा आहे. तेव्हा भर दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४४ अंशांवर असतो, म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस. याचा अर्थ दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर छज्जा जेवढा बाहेर आलाय तेवढीच त्याची सावली खाली पडते. दोन फुटांचा छज्जा, दोन फुटांची सावली. हिशोब एकदम सोपा, आणि चित्रात ती सावली बघूनच छज्जा किती बाहेर आहे ते कळतं, वेगळं काही दाखवावं लागत नाही. भर दुपार म्हणजे घड्याळात बारा नाही बरं का, आपण देशाच्या पश्चिमेला आहोत त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला साडेबारा उलटून जातात. समोरच्या बिल्डिंगची आमच्याकडची बाजू दक्षिणेला आहे, त्यामुळे उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुट्टीत, सगळे अगाशीवर पतंग काटून 'काय पो छे' ओरडत असताना, मी गॅलरीत कागद घेऊन बसते. सावल्या एका जागी थांबत नाहीत म्हणून पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या सावल्यांच्या कडा पेन्सिलने आखून घ्या आणि मग सूर्य कुठेही जाऊ दे, त्या बदलायच्या नाहीत. मी एकदा बदलत बसले, चित्रात सूर्य दोन बाजूंनी आला.

अजून एक बारकी गोष्ट, एकदा बघितली की आयुष्यभर दिसत राहते. छज्ज्याचं पोट, म्हणजे खालची बाजू. ती सावलीत असते म्हणून आपण ती काळपट काढतो. नीट बघा. खालच्या भिंतीवरचं ऊन उसळून वर तिला लागतं, त्यामुळे ती उबदार, जवळजवळ नारिंगी असते, आणि भिंतीवर पडलेली सावली त्या मानाने थंड, निळसर. दोन्ही सावल्याच, पण एक गरम आणि एक गार. पोटाला यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) जरा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), भिंतीवरच्या सावलीला अल्ट्रामरीन (गडद निळा) जास्त. एवढं केलं तरी छज्जा कागदातून बाहेर येतो.

रंग, आणि भिंतीवरचे डाग

रंग कमी ठेवा. लॉरीने आयुष्यभर पाचच वापरले, काळा, व्हर्मिलियन, प्रशियन ब्ल्यू, यलो ऑकर आणि पांढरा, आणि म्युझियमं भरली. मी पण पाचच वापरते पण वेगळे, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, अलिझरीन क्रिमसन (गडद लाल) आणि एक हिरवटपणासाठी लेमन यलो. काळ्याची ट्यूब मी ड्रॉवरमध्ये ठेवलीय, मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टला उपयोगी पडते. बिल्डिंगचा ग्रे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा करायचा. निळा जास्त तर सिमेंट, तपकिरी जास्त तर जुना प्लॅस्टर, दोन्ही घट्ट तर खिडकीचा अंधार. आणि अल्ट्रामरीनचे कण पाण्यात एकमेकांना चिकटून गोळा होतात, खडबडीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, त्यामुळे वाळल्यावर आपोआप प्लॅस्टरसारखा दाणेदार पोत येतो, काही करावं लागत नाही.

कागद मात्र ३०० जीएसएमचाच, म्हणजे जाडच घ्या, जमलं तर कॉटनचा, लहान साइझ घ्या पण चांगला घ्या. मी एकदा स्टेशनरीच्या दुकानातून स्वस्तातलं पॅड आणलं होतं, पहिल्याच वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या थराला, कागद पापडासारखा फुगला, आणि वाळल्यावर तळल्यासारखा वाकडा झाला.

आता डाग. लोक बिल्डिंग काढताना ती साफ करून काढतात, पाहुणे येणार असल्यासारखी. डाग काढून टाकले तर उरलं काय. पाइपच्या जॉइंटखालची काळी-हिरवी ओल, ग्रिलच्या पायापासून खाली उतरलेली गंजाची रेघ, एसीच्या नळीखाली शेवाळाची दाढी, जॉइंटमधून निघालेलं पिंपळाचं रोपटं, हे सगळं त्या बिल्डिंगचं वय आहे.

आणि वॉटरकलरवाल्यांचं नशीब असं की डाग काढावा लागतच नाही, तो होऊ द्यावा लागतो. चहाच्या कपाचा डाग आठवा, मध्ये फिक्का आणि कडेला गडद. कारण थेंबाच्या कडेचं पाणी आधी उडतं, ती जागा भरायला आतलं पाणी कडेकडे सरकतं आणि जाताना कण घेऊन जातं. भिंतीवर ओल वाळते तेव्हाही मळ आणि क्षार असेच कडेला जाऊन साचतात. कागदावर पातळ रंगाचा थेंब सोडला की तिथेही हेच. म्हणजे भिंतीने जे पाच पावसाळ्यांत केलं ते कागद पंधरा मिनिटांत करतो. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटले होते, घरात कोणाला विशेष वाटलं नाही.

माझी एक मैत्रीण नदीकडच्या भागात राहते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा त्यांच्या पार्किंगमध्ये पाणी होतं, उतरल्यावर कंपाऊंडच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर एक मातकट रेघ राहिली, अगदी सरळ, लेव्हल ट्यूब लावून मारल्यासारखी. बाकी बिल्डिंगमध्ये एक रेघ सरळ नव्हती, ही तेवढी होती. मी ती काढायला गेले. पद्धत सांगते, भिंतीचा क्रीम वॉश पूर्ण वाळू द्यायचा. मग रेघेपासून खाली साधं पाणी फिरवायचं, वरची कड स्वच्छ आणि आडवी ठेवून. त्या ओलीत बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरीन, चहासारखा पातळ, सोडायचा आणि बोर्डची वरची बाजू किंचित खाली करायची म्हणजे पाणी वरच्या कडेकडे जाईल. मग हात काढून घ्यायचा. ब्रश लावायचा नाही, ड्रायर लावायचा नाही, चहा प्यायला जायचं. परत येता तेव्हा कडेला ती रेघ आलेली असते. मैत्रिणीच्या आईंनी ते चित्र बघितलं आणि पहिलं बोट रेघेवर ठेवलं, म्हणाल्या, ह्याच्या वर एक पायरी राहिली होती ग घरात यायला.

(नदीकाठी खाली उतरून बसून स्केच करायची हौस असेल तर आपल्या विश्वामित्रीत मगरी आहेत हे लक्षात असू द्या. पुलावरून काढा.)

गंजाची रेघ याच्या उलट. भिंत अर्धवट ओली असताना बर्न्ट सिएनाचा घट्ट ठिपका ग्रिलच्या पायाशी ठेवायचा आणि ओल्या ब्रशने एकदाच खाली ओढायचा. दोनदा ओढलात तर गंज नाही, गेरूचा पट्टा दिसतो.

हवामानाचं पण बघा. मे महिन्यात वॉश अर्ध्या भिंतीवर पोहोचायच्या आत वाळतो, तेव्हा इस्त्रीच्या कपड्यांना मारतो ती स्प्रेची बाटली जवळ ठेवा आणि सकाळी आठच्या आत आटपा. पावसाळ्यात उलट, वॉश वाळतच नाही, एक चित्र काढायला घेतलं तर मध्ये कुकर लावून, भाजी चिरून होते. मी पावसाळ्यात दोन चित्रं एकदम चालू ठेवते.

खिडक्या, टाक्या, तारा, कपडे

दिवसा खिडकी निळी नसते. मुलं निळी काढतात कारण काच निळी असं कोणीतरी शिकवलेलं असतं. उघडी खिडकी म्हणजे अंधाराचा चौकोन, वर जास्त गडद कारण तिथे छज्ज्याची सावली, खाली जरा उजेड. बंद काच आरशासारखी वागते, वरच्या मजल्यांवर आकाश दिसतं, खालच्यांवर समोरची, म्हणजे तुमचीच, बिल्डिंग. अर्ध्या इंचाचा चपटा ब्रश असेल तर एक फटकारा म्हणजे एक खिडकी, हा शोध मला खूप उशिरा लागला, बत्तीस खिडक्यांचे दोन रविवार तेव्हा वाचले असते. सगळ्या एका काळ्या रंगाने भरू नका, तीन-चार खिडक्यांनंतर ब्रश पाण्यात बुडवा, आपोआप काही फिक्क्या होतील.

टाक्या: काळी सिंटेक्सची टाकी काळी नसते, उन्हाच्या बाजूला ती जवळजवळ आकाशाच्या रंगाची असते. अगाशीवर चायना मोझेक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, असेल तर तो कागदाचा पांढराच सोडा, खाली ऊन आपटून टाकीच्या बुडाला उजेड येतो, तोही सोडा. सोलर पॅनल आता सगळीकडे आलेत, ते एका तिरक्या फटकाऱ्यात संपवा.

तारा शेवटी. सगळं वाळल्यावर, लांब केसांच्या रिगर ब्रशने, श्वास सोडत एका दमात. तार दोन खांबांमध्ये झोळीसारखी लोंबते, मध्ये सगळ्यात खाली, ती सरळ काढली की ताणलेली दोरी वाटते. सगळ्या तारा काढू नका, आमच्या गल्लीत खऱ्या मोजल्या तर चित्रच दिसणार नाही. दोन-तीन घ्या, आणि जानेवारीनंतर काढत असाल तर एका तारेवर फाटका पतंग घ्याच, तो पावसापर्यंत तिथेच असतो, फक्त काडी उरेपर्यंत. लाल रंग चित्रात बाकी कुठे न वापरता तो तिथेच वापरला तर डोळा बरोबर तिथे जातो.

कपडे हे सगळ्यात भारी. ग्रिलवर वाळत घातलेली साडी ही अख्ख्या चौकटी-चौकटीच्या बिल्डिंगमध्ये एकमेव वाकडी, मऊ गोष्ट असते. पेन्सिलने काढू नका, थेट ब्रशने, एक रंग, मध्येच दुसरा सोडून.

लोकांचं काय

हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. तुम्ही तासभर दुसऱ्याच्या खिडक्यांकडे रोखून बघत पेन्सिल ताठ धरून माप घेताय. माझ्याकडे पहिल्याच महिन्यात समोरच्या सोसायटीचे चेअरमन आले, हातात डायरी, "बेन, रिडेव्हलपमेंटनो सर्वे छे?" त्यांना चित्र दाखवलं, चहा दिला, तेव्हा कुठे चेहरा निवळला, जाताना मात्र म्हणाले, ते प्लॅस्टर पडलंय ते नका दाखवू, भाडेकरू येत नाहीत. तर दुसऱ्या भागात जाऊन बसणार असाल तर आधी वॉचमनला सांगा, चित्र चालू असताना कोणी बघायला आलं तर लपवू नका. बाल्कनीत कोणी उभं असेल तर माणूस ओळखू येईल असा काढू नका, डोक्याचा एक ठिपका आणि अंगाचा एक ठिपका, पुरे. रात्रीची बिल्डिंग, दिवे लागलेल्या खिडक्या, फार सुंदर दिसते मान्य, पण आत माणसं जेवत असतात, मी ती फक्त माझ्या स्वतःच्या बिल्डिंगची खालून काढते.

गेल्या पौषात समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या भाभींनी माझं चित्र व्हॉट्सअॅपवर कोणाकडून तरी बघितलं आणि फोन आला. मला वाटलं आता भांडण. त्या म्हणाल्या, सगळं छान आहे पण आमच्या ग्रिलवर तू तो जुना नॅपकिन काढलास, पुढच्या वेळी आधी सांग. मी म्हटलं बरं, येत्या रविवारी काढणार आहे. रविवारी बघते तर ग्रिलवर कडकडीत इस्त्री केलेली, नवी कोरी, जांभळी बेडशीट, घडीच्या रेघा तशाच. आणि माझ्याकडे जांभळा नाही. तर जांभळ्याची कृती: अलिझरीन क्रिमसन दोन भाग, अल्ट्रामरीन एक भाग, पाणी कमी, आणि बर्न्ट सिएना चुकूनही त्यात जाऊ द्यायचा नाही, नाहीतर नवी चादर पुन्हा जुनी दिसते आणि परत फोन येतो.